परत येण्याचा पुरावा

"तुमचं इथं कोण आहे, काका?" असं एजंटने विचारलं तेव्हा मी मांडीवरची फाइल सरळ करत होतो. प्रश्न साधा होता. त्याच्या टेबलापलीकडच्या खुर्चीत रोज दहा-बारा जण बसत असतील आणि त्या सगळ्यांना तो हाच प्रश्न ह्याच आवाजात विचारत असेल, एका अंगठ्याने फोन चाळत. पण मला अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसं झालं. पाय खाली गेला आणि खाली काही लागलं नाही. मी म्हणालो, म्हणजे? म्हणजे बायको, मुलगा, सून, नातवंडं, त्याने बोटांवर मोजत सांगितलं. तुम्हाला परत ओढून आणील असं कोणीतरी. तिकडच्या साहेबाला ते दाखवावं लागतं. पर्यटकाचा व्हिसा म्हणजे काय, तर हा माणूस जाईल, बघेल आणि गुपचूप परत येईल याची खात्री. आणि माणूस परत येतो तो कशासाठी तरी येतो ना? मी सांगितलं की बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी एकच, आणि तिच्याकडेच तर जायचंय. एजंटने अर्जावरच्या एका रिकाम्या रकान्याला पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. घर आहे का, म्हणाला. आहे, दोन खोल्या. स्वतःच्या नावावर? हो. "हां, मग घर आहे," तो म्हणाला, काठावरच्या मुलाला वरचे दोन मार्क देऊन पास करावं तसा. "घर धरू आपण."

घर धरू आपण, हे शब्द घेऊन मी घरी आलो. कुलूप काढलं आणि चपला न काढता दारातच उभा राहिलो. ह्या घरासाठी मी परत येईन हे एका परक्या माणसाला पटवायचं होतं, तेव्हा आधी ते मला पटतं का हे पाहावं असं वाटलं. पुढच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटं, एक खुर्ची बसायची आणि एक कपडे टाकायची. आतल्या खोलीत हिचा पलंग. तो मी काढूनही टाकला नाही आणि वापरलाही नाही. त्यावर वर्तमानपत्रं साठतात. ओट्यावर एक ताट, एक वाटी आणि कप मात्र दोन. दोन का, ते मला नीट सांगता येणार नाही. पुस्तकं मला परत ओढतील असं कोणालाही वाटलं असतं. पण चौतीस वर्षं मी एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीत बसलो, पुस्तकं दिली आणि परत घेतली, त्यांच्या आतल्या चिठ्ठ्यांवर तारखांचे शिक्के मारले, आणि मला इतकं नक्की कळलं की पुस्तकाला कोणाची ओढ नसते. ज्याच्या घरी जाईल तिथे ते निमूट पडून राहतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातून उतरताना मला असा दारात खिळलेला पाहून थांबल्या. काय हरवलं, म्हणाल्या. मी त्यांना एजंटचा प्रश्न सांगितला. त्या हसल्या. "भाऊजी, खरं सांगू? तुम्ही गेलात तर तुमच्या घरालासुद्धा आठ दिवस पत्ता लागायचा नाही." त्या थट्टेत म्हणाल्या आणि खाली गेल्या, जाताना म्हणाल्या, किल्ली माझ्याकडे ठेवा हो. मीही हसलो. मग आत येऊन बराच वेळ कपडे टाकायच्या खुर्चीवर, कपड्यांवरच, बसून राहिलो.

मुलीच्या, ठकूच्या, पोटात गाठ निघाली होती. तिचं खरं नाव चारचौघांत घ्यायचं, घरात ती ठकूच; हिने ठेवलेलं नाव, आणि ही गेल्यावर ते नाव घेणारा मी एकटा उरलो. अकरा वर्षं ती तिकडे आहे. गाठीची बातमी तिने सांगितली नाही, जावयांनी सांगितली, आणि तीही एखाद्या दुरुस्तीची गोष्ट सांगावी तशी. एकवीस तारखेला ऑपरेशन. उघडल्यावर कळेल, डॉक्टर म्हणतात. उघडल्यावर, हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. मग थोडं थांबून म्हणाले, बाबा, तुम्ही इथं असलात तर तिला बरं वाटेल. मी विचारलं, ती तसं म्हणाली का? असं मी विचारायला नको होतं. माणसाने हो, निघतोच, म्हणून फोन ठेवायचा असतो आणि मग शर्ट शोधायला लागायचं असतं. जावई भले आहेत. ते म्हणाले, तुम्हाला माहीत आहे ना तिचा स्वभाव. मला तिचा स्वभाव माहीत होता. अकरा वर्षांपूर्वी, जाण्याच्या आदल्या आठवड्यात, ती ह्याच पुढच्या खोलीत जमिनीवर बसून सामान बांधत होती आणि मी खुर्चीत वाचत होतो, किंवा वाचत असल्यासारखा. तिने विचारलं, बाबा, जाऊ ना? मी म्हणालो, तुला काय वाटतं? तिने हातातला स्वेटर घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "बाबा, एकदा तरी नको म्हणा," ती म्हणाली. "मी ऐकणार नाहीच. पण म्हणा तरी." आणि मी मनात नको आणि जा ह्या दोन्ही बाजू मांडत बसलो, मला वाटलं घाई कशाला, अजून सहा दिवस आहेत. दोन्ही बाजू मी फार व्यवस्थित मांडल्या. त्या अजून मला पाठ आहेत. तोवर तिची बॅग बंद झाली होती, आणि ही आतून म्हणाली होती, अगं, त्यांना कशाला विचारतेस, आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा भटजींनी विचारलं असतं तरी ते 'बहुतेक' असंच म्हणाले असते.

कागद जमवायला मला नऊ दिवस लागले. जन्माचा दाखला, निवृत्तीवेतनाचा दाखला, बँकेचं पुस्तक, घराचा उतारा, हिचा मृत्यूचा दाखला, मुलीचं निमंत्रणपत्र, जावयांच्या नोकरीचं पत्र, परतीच्या तिकिटाचं आरक्षण. प्रवासाचा विमा काढताना त्या बाईने विचारलं, आधीचा काही आजार? आणि मी घाबरून म्हणालो, मला नाही. फाइल जाड झाली, आणि तिच्यात सगळ्यात वर मी इस्पितळाचं पत्र ठेवलं होतं. जावयांनी ते मुद्दाम मागवून घेतलं होतं. डॉक्टरांची सही, शिक्का, ऑपरेशनची तारीख, रुग्णाजवळ घरचं माणूस असणं इष्ट, असं शेवटचं वाक्य. एजंटने फाइल उघडली, ते पत्र वाचलं आणि दोन बोटांनी, ओलं असल्यासारखं, बाजूला काढलं. हे नाही द्यायचं, म्हणाला. मी म्हणालो, पण कारण तर हेच आहे. त्याने फोन खाली ठेवला. तसा तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला समजावून सांगायला वेळ दिला. आजारी मुलीकडे गेलेला म्हातारा बाप ठरलेल्या दिवशी उठून परत येत नाही, हे तिकडच्या साहेबांनी शंभर वेळा पाहिलंय. मुलगी बरी असली तर कौतुकाला राहतो, नसली तर कशाला येतो? "तुम्ही पर्यटक आहात, काका. मुलीला भेटायचं, चार ठिकाणं बघायची, अठ्ठाविसाव्या दिवशी घर. आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही." ते पत्र त्याने टेबलाच्या खणात टाकलं. मी खणाकडे पाहत राहिलो. हे चूक आहे असं मला वाटलं, आणि मला वाटलं म्हणजे ते चूक असेलच असं नाही, असंही वाटलं. तो रोज दहा-बारा जणांना पाठवतो. मी कुठे कधी गेलो? ज्याचं काम त्याला, म्हणत मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर परत फिरून ते पत्र मागून घ्यावं असं मनात आलं. एजंटसमोर तोवर दुसरं माणूस बसलं होतं. मध्येच बोलणं मला जमत नाही. ग्रंथालयातसुद्धा खिडकीशी दोन जण बोलत असले तर मी हातात पुस्तक धरून त्यांचं संपेपर्यंत उभा राहायचो.

मग मी पर्यटक होण्याची तयारी केली. जुन्या ग्रंथालयात गेलो. तिथे आता माझ्या खिडकीत एक मुलगी बसते, ती मला सर म्हणते आणि माझ्याकडून कार्ड मात्र न चुकता मागते. त्या देशाबद्दलची चार पुस्तकं आणली. तिथल्या शहरात एक तळं आहे, एक संग्रहालय आहे, आणि एक फार जुनं ग्रंथालय आहे, जिथे पूर्वी पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून साखळीने फळीला बांधून ठेवत. त्या साखळीपाशी मी अडकलो. दोन संध्याकाळी मी तेच वाचत होतो, साखळीची लांबी किती, वाचणाऱ्याने उभं राहून वाचायचं की बसून. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात बघून माझ्या लक्षात आलं की गेले दोन दिवस मला ठकूची गाठ आठवली नव्हती. मी ब्रश खाली ठेवला. अर्ध्या गालाला फेस तसाच वाळला. मला तिथे जायचं होतं ना? हो, जायचं होतं. मला तिच्या खाटेशेजारी बसायचं होतं, तिला पाणी द्यायचं होतं. पण खाटेशेजारी बसून मी काय करणार होतो, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना. हिच्या शेवटच्या महिन्यात मी असाच बसायचो. ही म्हणायची, अहो, तुम्ही वाचा काहीतरी, तुमच्या बसण्याने मला दमायला होतं. तेव्हा मी वाचायचो. ती गेली तेव्हाही पुस्तक माझ्या हातात होतं आणि बोट पानात खुणेला होतं, आणि नर्सने नाडी पाहून माझ्याकडे बघितल्यावरसुद्धा मी ते बोट काढलं नव्हतं.

मुलाखत नऊ तारखेला सकाळी होती. बाहेर रांग, मग पट्टा-घड्याळ काढून ठेवायचा ट्रे, मग एक मोठी खोली, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, भिंतीवर नंबर पेटत होते. माझ्या शेजारी एक शिंपी बसला होता, मुलाच्या घरी चालला होता. तो मला हळूच म्हणाला की चेहरा हसरा ठेवायचा, पण फार नाही. त्याचा नंबर आधी लागला, आणि तो चार मिनिटांत परत आला आणि माझ्याकडे न बघता गेला. काचेपलीकडे एक तरुण बाई होती, ठकूच्याच वयाची असेल. केस मागे घट्ट बांधलेले. तिच्या शेजारी दुभाष्या, आपल्याकडचाच, डोळ्यांखाली झोप साठलेला माणूस. तिने विचारायचं, त्याने मला सांगायचं. सगळे प्रश्न एजंटने सांगितले त्याच क्रमाने आले, आणि मला आश्चर्य वाटलं की मी उत्तरं देत होतो. काय बघणार? मी तळं सांगितलं, संग्रहालय सांगितलं आणि साखळीच्या पुस्तकांचं सांगितलं. ते सांगताना मी जरा वाहवलो असेन. दुभाष्या मागे पडला. बाईने हात वर करून मला थांबवलं, त्याचं पूर्ण होऊ दिलं, आणि मग ती हसली. खरं हसली. म्हणाली, मी तिथे दोन वर्षं राहिले, पण हे मला माहीत नव्हतं. मग नुसतंच बोलायचं म्हणून, कागद जुळवता जुळवता, तिने विचारलं, आणि दुभाष्याने मला विचारलं, मुलगी बरी आहे ना? "बरी आहे," मी म्हणालो. एका क्षणात म्हणालो. आयुष्यात मी इतकं झटकन कशाचंच उत्तर दिलेलं नाही. ते शब्द काचेच्या खालच्या फटीतून पलीकडे गेले आणि बाईने काहीतरी टिपून घेतलं.

आणि शेवटी, शिक्का जवळ ओढत, ती एक छोटं वाक्य बोलली. दुभाष्या म्हणाला, आणि मग परत येणार? हा प्रश्न एजंटने माझ्याकडून वीस वेळा घोकून घेतला होता. हो साहेब, घर आहे, पेन्शन आहे, अठ्ठाविसाव्या दिवशी परत. मी तोंड उघडलं. आणि मला ठकू दिसली. तिची गाठ उघडलेली आणि आत काय ते कळलेलं, आणि डॉक्टर सांगतायत की चार महिने, आणि अठ्ठाविसावा दिवस उजाडलाय आणि मी बॅगेचा पट्टा आवळतोय. मी उठेन तिथून? आणि जर सगळं चांगलं निघालं, ती उठून हिंडायला लागली आणि म्हणाली, बाबा, राहा आता, तर? मी तिला पुन्हा विचारणार का, तुला काय वाटतं? चौतीस वर्षं माझ्या खिडकीशी माणसं म्हणायची, शुक्रवारी नक्की आणून देतो. जे पटकन म्हणायचे त्यांच्या घरी मला शिपाई पाठवावा लागायचा. जे क्षणभर थांबायचे, मनाशी वार मोजायचे, ते आणून द्यायचे. थांबणारा माणूस खरा, हे मी नव्या कारकुनांना शिकवत आलो होतो. माझ्याकडे शिकवण्यासारखं तेवढं एकच होतं. मी थांबलो. किती वेळ थांबलो ते मला माहीत नाही. मोठ्या खोलीत कुठलातरी नंबर पेटल्याची घंटा वाजली. मग मी म्हणालो, बहुतेक.

दुभाष्याने लगेच भाषांतर केलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या झोपाळू चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी जागं झालं. तो त्याचा अधिकार नव्हता, पण त्याने मला पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "काका, परत येणार ना तुम्ही?" बुडणाऱ्याला कोणी काठावरून काठी पुढे करावी तसा तो प्रश्न होता, आणि मला ती काठी दिसली. मी म्हणालो, "यावं तर लागेलच." त्याने डोळे मिटल्यासारखे केले आणि बाईकडे वळून ते सांगितलं. बाईने शिक्का पुन्हा होता तिथे ठेवला. नाराज होऊन नव्हे. टेबल आवरताना वस्तू जागच्या जागी ठेवतो तसा. निर्णय टपालाने कळवू, असं मला सांगण्यात आलं. मी दोघांना नमस्कार केला आणि काचेच्या फटीत विसरलेला माझा चष्मा घ्यायला पुन्हा वळलो.

चौदा तारखेला पाकीट आलं. पासपोर्टाबरोबर एक छापील कागद होता, त्यावर सात कारणं आणि प्रत्येकासमोर चौकोन. चौथ्या चौकोनात खूण. भेटीचा काळ संपल्यावर आपण परत जाल याबद्दल आमची खात्री पटलेली नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. चांगलं वाक्य होतं, उगाच एक शब्द नव्हता. खात्री तर माझीही पटलेली नव्हती. आता मी जे झालं ते सांगतो, कारण त्याला दुसरा साक्षीदार नाही. कागद वाचून संपला आणि माझ्या आत कुठेतरी, छातीच्या खाली, एक आवळलेली गोष्ट सैल झाली. विमानात बसायचं नव्हतं. त्या खोलीत जायचं नव्हतं, त्या खाटेशेजारी बसायचं नव्हतं, तिच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. आणि दोष माझा नव्हता. छापील कागद होता, खूण होती. मी ओट्याशी गेलो, जेवण वाढून घेतलं आणि पोटभर जेवलो. कित्येक आठवड्यांत तसा जेवलो नव्हतो. हात धुताना मला कळलं की मी काय केलं. नळ तसाच चालू राहिला. मी स्वतःला समजावलं की तो धक्का असेल, धक्क्यात माणसाला भूक लागते, कुठेतरी वाचलंय. पण मी कुठे वाचलंय ते मला आठवेना, आणि मला कुठे काय वाचलं ते नेहमी आठवतं.

त्या दिवशी दुपारीच मी एजंटकडे गेलो आणि मध्येच बोललो. त्याच्यासमोर एक जोडपं बसलं होतं. मी त्यांच्या डोक्यावरून हात पुढे केला आणि म्हणालो, ते पत्र द्या. माझा आवाज चिरका निघाला. एजंटने निमूट खण उघडला. ते इस्पितळाचं पत्र घेऊन मी पुन्हा त्या मोठ्या खोलीच्या इमारतीत गेलो, तिथल्या चौकशीच्या खिडकीत दिलं, आणि झालेलं सगळं सांगितलं, अगदी खणापासून. खिडकीतला माणूस सभ्य होता. त्याने पत्र वाचलं, संगणकात पाहिलं. म्हणाला, आजारपणासाठी तातडीची सोय असते की, आधीच का नाही जोडलंत? मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "आजोबा, इथं नोंद आहे. मुलगी बरी आहे, असं तुम्ही सांगितलंय. आता म्हणता आजारी आहे. दोन्हींतलं एक तुम्ही खोटं बोललात, असं ते धरणार." तातडीची सोय त्यामुळे बंद, नवा अर्ज, नवी मुलाखत, पहिली मोकळी तारीख सव्वा महिन्यानंतरची. घेऊ का? मी म्हणालो, घ्या. हे मात्र मी न थांबता म्हणालो. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसलो. रखवालदार म्हणाला, इथं बसू नका. मी दोन पायऱ्या खाली जाऊन बसलो.

ठकूला मी सांगितलं की एक कागद कमी पडलाय. जावयांना खरं सांगितलं. ते म्हणाले, बहुतेक म्हणालात? आणि त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला, माझ्यासाठी. तिला सांगू नका, मी म्हणालो. नाही सांगत, म्हणाले. वीस तारखेला सकाळी तिने स्वतः फोन केला. चित्र नको, नुसता आवाज, म्हणाली, मी फार छान दिसत नाहीये. तिच्या मागे कोणीतरी चाकं असलेलं काहीतरी ढकलत नेत होतं. "मिळाला का तुमचा कागद?" मी म्हणालो, मिळेल. "बहुतेक?" ती म्हणाली, आणि मला वाटलं जावयांनी सांगून टाकलं, पण तिला काही माहीत नव्हतं, ती नेहमीचंच चिडवत होती. आईचं बरं होतं, म्हणाली, ती तुमच्या वतीने बोलून टाकायची, आता तुम्हाला वकील नाही. मग थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. आमच्या घरात गप्प बसणं हे भांडण नसतं, तरी ते महाग पडत होतं. "नाही आलात तरी चालेल, बाबा. आला असतात तर मलाच उठून तुमचा चहा बघावा लागला असता." तिला भीती वाटतेय का, हे मला विचारायचं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. मी विचारलं, तिकडे थंडी आहे का? ती म्हणाली, आहे. मी म्हणालो, पायमोजे घाल. ती म्हणाली, घातलेत. आणखी काही सांगायचंय का तुम्हाला, तिने विचारलं, आणि ते साधं विचारणं नव्हतं, ती पुन्हा पुढच्या खोलीत जमिनीवर बसून स्वेटरची घडी घालत होती. मी म्हणालो, ये इकडे बरी होऊन. ती म्हणाली, बघू. आणि मग, कोणीतरी आलंय, ठेवते.

एकवीस तारखेला ऑपरेशन झालं. उघडल्यावर जे दिसलं ते अपेक्षेपेक्षा वाईट नव्हतं, असं जावयांनी कळवलं. तिसऱ्या दिवशी ती दोन घास जेवली. पाचव्या दिवशी ताप आला. सहाव्या दिवशी ताप उतरला असा निरोप आला आणि सातव्या दिवशी निरोप आला नाही. मी फोन केला नाही. आपण विचारलं की उत्तर येतं, न विचारलं तर निदान आजचा दिवस आहे तसा राहतो, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. आठव्या दिवशी मी तिच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावरची धूळ पुसली आणि वह्या उघडल्या नाहीत. वरच्या वहिनी दोनदा डोकावून गेल्या; दुसऱ्यांदा ओट्यावर झाकलेलं ताट ठेवून गेल्या. नवव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी कप विसळत होतो तेव्हा फोन वाजला. जावई होते. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, थोडा घोगरा, कार्यालयातून बोलत असल्यासारखा.

"बाबा, व्हिसा आता लगेच मिळेल," ते म्हणाले. "मी त्यांच्या कार्यालयात बोललोय. अशा वेळी त्यांच्याकडे वेगळी सोय असते. मुलाखत नाही, रांग नाही."

"किती दिवसांत?" मी विचारलं.

"दोन दिवसांत."

"बँकेचे कागद पुन्हा लागतील?"

"नाही. ह्या वेळी काहीच लागत नाही."

बरं झालं, असं मी म्हणालो. मी खरोखर तसं म्हणालो. ओल्या हाताने फोन धरला होता, तो निसटेल म्हणून मी तो दुसऱ्या हातात घेतला. पलीकडे जावई श्वास घेत होते आणि सोडत होते. मग त्यांनी, लहान मुलाला विचारावं तसं, विचारलं, "बाबा, मी काय सांगतोय ते तुम्हाला कळलं ना?"

कळलं, मी म्हणालो. ते रडायला लागले. मी त्यांना थांबा म्हणालो नाही आणि रडा असंही म्हणालो नाही. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. त्यांचं रडणं ओसरेपर्यंत मी उभा राहिलो. मग ते म्हणाले, अर्जाला तिचा मृत्यूचा दाखला जोडावा लागेल, तेवढाच. तो आज दुपारपर्यंत मिळेल.

"मूळ लागतो की नक्कल चालते?"

"नक्कल चालते, बाबा."

मी पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरच्या कडेला लिहून घेतलं: दाखला, नक्कल चालेल. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.